श्वान शर्यतींवरील सरकारी देखरेख कुठवर पोहोचली पाहिजे?

सांगोल्याकडच्या माळावर मुधोळ कुत्री पळवतात, त्यांवर ऑस्ट्रेलियातील ग्रेहाउंड शर्यतींसारखी सरकारी देखरेख आली तर त्यांचे हाल थांबतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, देखरेख कोण करतो आणि ती कुत्र्याच्या आयुष्यात कुठवर पोहोचते, यावर सारे अवलंबून आहे.

सरावात जिवंत प्राण्यांचे आमिष लावण्याचा प्रकार तिथे २०१५ साली दूरचित्रवाणीने उघडकीस आणला. न्यू साउथ वेल्स राज्यात तोवर शर्यतींतून उत्पन्न मिळवणे आणि त्यांच्यावरच लक्ष ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच संस्थेकडे होती. कुंपणच शेत खाणार, हे उघड होते. माजी न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांच्या २०१६ च्या अहवालात, वेग कमी पडला म्हणून आधीच्या १२ वर्षांत मारलेल्या कुत्र्यांची संख्या किमान ४८,८९१ आणि कदाचित ६८,४४८ असावी, असे म्हटले आहे. ही कुत्री धावपट्टीवर मेलेली नव्हती, हे महत्त्वाचे. सरकारने बंदी जाहीर केली, तीन महिन्यांत ती मागे घेतली आणि २०१८ मध्ये शर्यती भरवणाऱ्या संस्थेपासून वेगळा असा कल्याण आयोग सुरू केला.

इंग्लंडमध्ये २०१० च्या नियमांनुसार धावपट्टीवर पशुवैद्य हजर असतो आणि शर्यतीपूर्वी प्रत्येक कुत्रा तपासतो. हे आवश्यकच आहे, पण वळणावर कुत्री एकमेकांवर आदळतात आणि मागच्या पायाचे हाड मोडते, ते तपासणीने टळत नाही. त्यासाठी वळणाची आखणी बदलावी लागते आणि एका वेळी पळणारी कुत्री कमी करावी लागतात.

पशुवैद्यक म्हणून बैलगाडी शर्यतींत बैल पळण्यास योग्य असल्याचे दाखले मी स्वतः दिले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, १,००० मीटरची मर्यादा, सारे कागदोपत्री चोख असे. पण आदल्या महिन्यात सरावाच्या वेळी बैलाला किती मारले, हे लिहायला दाखल्यावर रकाना नव्हता. बैलांसाठीचे ते नियमसुद्धा कुत्र्यांना लागू नाहीत. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा लागू आहे, मात्र त्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, म्हणजे शर्यतीच्या दिवशीच्या चहापाण्याहूनही कमी.

आपण निवेदन देणार असाल, तर पशुवैद्याच्या आधी नोंदवही मागा: पिल्लू असतानाच प्रत्येक कुत्र्याला ओळख क्रमांकाची चिप कातडीखाली बसवावी, मालक बदलला की नोंद व्हावी आणि पळणे थांबल्यावर ते कुत्रे कुठे आहे, हे आयोजकांशी देणेघेणे नसलेल्या अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जाऊन पाहावे.