रेस सोडली की पिकअप बंद पडते: पंप खोलायच्या आधी हे बघा

दादा, तुमची तक्रार थोडक्यात अशी: २०१८ ची बीएस-४ डिझेल पिकअप, मोंढ्यातला माल भरून जालना-बीड फेऱ्या. चढाला चांगली खेचते, धूर नाही. पण गतिरोधक किंवा फाटा आला, रेस सोडून क्लच दाबला की इंजिन बसतं. सेल मारला की लगेच चालू. मिस्त्री म्हणतो डिझेल पंप गेलाय, खोलू.

पंप खोलू नका. भरलेली गाडी चढाला खेचते म्हणजे पंप दाब देतोय. थकलेला पंप किंवा चोंदलेला फिल्टर आधी चढाला रडतो. तुमची पडते ती रेस सोडल्यावर, म्हणून त्या क्षणी काय घडतं ते समजून घ्या. गियरमध्ये असताना रेस सोडली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) डिझेल मारणं बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. क्लच दाबला की तो आधार तुटतो, आरपीएम झपकन खाली येतात आणि ईसीयूला पुन्हा डिझेल मारून ते ८०० च्या आसपास झेलावे लागतात. तुमच्या गाडीत हा झेल सुटतोय.

आता फुकटातली चाचणी. इंजिन पूर्ण गरम करा, गाडी सपाटीला उभी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. रेस २५०० पर्यंत न्या आणि पाय झटकन काढा. असं दहा वेळा. मग स्लोवर (रेस न देता) ठेवून ब्रेक दहा वेळा जोरात दाबा. रेस सोडल्यावर उभ्या गाडीतही बंद पडली तर दोष बहुधा रेल प्रेशर (इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा डिझेलमधली हवा यांपैकी एक. ब्रेक दाबताच पडली तर वायरिंग: मागच्या लाइटचा शॉर्ट, नाहीतर बॅटरीची सैल अर्थ पट्टी. उभी असताना काहीच झालं नाही, तर टाकी पाऊण भरून तीच फेरी मारा. टाकी कमी असताना ब्रेक मारला की डिझेल पुढे धावतं आणि ओढणारा पाइप हवा खातो. भरल्या टाकीत त्रास गेला तर टाकीतला पाइप तुटलाय किंवा त्याची जाळी चोंदलीय. एक सोपी गोष्टही तपासा: क्लच पूर्ण दाबून पहिला गियर टाकल्यावर गाडी पुढे ओढत असेल, तर क्लच नीट सुटत नाही, आणि चांगलं इंजिन ब्रेकसोबत दाबून मारलं जातंय.

हवेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच जास्त फसगत होते. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन बहुतेक गाड्यांत ओढीवर चालते. तिथे भेग असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, आणि खालून बघणारा म्हणतो, 'सगळं कोरडं आहे, ठीक आहे.' फिल्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक डिझेल पाइप जोडा आणि इंजिन चालू ठेवा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे चालतात, सलग माळ दिसली तर हवा येतेय. मग बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बदला (जुने पुन्हा वापरू नका), हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप), फिल्टरची रबर रिंग आणि चेसीला घासणारा पाइप बघा. टाकीचं झाकणही बघा. मूळ झाकण हरवलं की फडकं किंवा प्लॅस्टिकची पिशवी कोंबायची पद्धत आपल्याकडे आहे. पिशवीने टाकीचा श्वास कोंडतो, फडक्यातून वैशाखातली धूळ आत जाते. झाकण उघडताना 'फुस्स' झालं आणि नंतर गाडी नीट चालली, तर दोष तिथेच.

ड्रममधलं डिझेल भरत असाल तर फिल्टरच्या खालच्या बोल्टातून पावशेर काचेच्या बाटलीत काढा, पंधरा मिनिटं ठेवा. तळाला पाण्याचा थर दिसला तर फिल्टर बदला आणि टाकी धुऊन घ्या.

इथवर सगळं ठीक निघालं तर स्कॅनर (ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) लावा. नुसते कोड वाचून थांबू नका, रेल प्रेशरचं अपेक्षित आणि प्रत्यक्ष मूल्य शेजारी लावून रेस सोडा. स्लोवर हा दाब साधारण २५० ते ३५० बार असतो. पाय काढल्यावर प्रत्यक्ष दाब खोल घसरून इंजिन बसत असेल, तर संशय पंपावरच्या मीटरिंग युनिटचा (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह). ते चिकटलं की असंच होतं. संपूर्ण पंपाच्या मानाने ते स्वस्त आणि वेगळं मिळतं. पण आधी फिल्टर बदला, नाहीतर नवं युनिटही त्याच घाणीने जाईल. दाब ठीक आणि आरपीएम काटा एकदम शून्यावर पडला, तर क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणारा). त्याचा कोड पी ०३३५ येऊ शकतो. तो बहुधा गरम झाल्यावरच दगा देतो. ईजीआर उघडा अडकला तर स्लोवर इंजिन थरथरतं आणि काळा धूर मारतं. तुमच्याकडे धूर नाही, म्हणून तो शेवटी. पत्रा ठोकून तो बंद करायचा सल्ला मिळेल, घेऊ नका.

मोबाइलवर 'थ्रॉटल बॉडी धुवा, बूस्टरची होज बघा' असे व्हिडिओ दिसतील. ते पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचे. डिझेल गाडीत बूस्टरला (ब्रेकला जोर देणारा डबा) व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून मिळतो, त्याची होज फाटली तर ब्रेक जड होतो, इंजिन सहसा बंद पडत नाही.

इंजिन चालू असताना रेल किंवा इंजेक्टरचा लोखंडी पाइप ढिला करू नका, कुणाला करूही देऊ नका. तिथला हजार बारांच्या पुढे जाणारा दाब डिझेलची धार कातडीच्या आत घुसवतो. आणि दोष मिळेपर्यंत भरलेली गाडी बीडपुढच्या मांजरसुंबा घाटात घालू नका. इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं, बूस्टर दोन-तीन दाबांतच संपतो. उतारावर पडलीच तर ब्रेक पंप न करता एकदाच दाबून धरा आणि डावी बाजू घ्या.

दहा वेळांच्या चाचणीत किती वेळा पडली, आणि तेव्हा टाकीत किती डिझेल होतं, तेवढं कळवा.