लाल देऊळ, मशीद की सिनेगॉग?

प्रश्न असा होता की पुण्यात कॅम्पातल्या ज्यूंच्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनास्थळाला, सगळे ‘लाल देऊळ’ म्हणतात, पण अलिबागकडे तिथले ज्यू लोक स्वतः आपल्या प्रार्थनेच्या जागेला ‘मशीद’ म्हणतात असं ऐकलं, हे खरं का, आणि मराठीत नक्की बरोबर काय?

खरंय. दोन्ही खरंय. आणि मला विचाराल तर यातला ‘मशीद’ हा जास्त घरचा शब्द आहे, ते कसं ते सांगतो.

आधी लाल देऊळ. मोलेदिना रोडवरची ती उंच घड्याळाच्या मनोऱ्याची, लाल विटांची इमारत म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग. ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी 1863 मध्ये बांधायला घेतलं, पूर्ण झालं 1867 मध्ये, मधेच 1864 ला ते पुण्यातच वारले, त्यांची कबर तिथे आवारातच आहे. बाहेरून बघितलं तर कुणीही चर्चच म्हणेल, इंग्रजी गॉथिक घाट आहे सगळा. आता ससून मंडळी बगदादकडून आलेली, घरात अरबी बोलणारी, त्यांनी काही याला देऊळ म्हटलं नसणार. त्यांनी नाव ठेवलं ओहेल डेव्हिड, ओहेल म्हणजे हिब्रूत तंबू, म्हणजे डेव्हिडचा तंबू. देऊळ म्हटलं ते रस्त्यावरून बघणाऱ्या पुणेकरांनी. लाल दिसतंय, आत लोक देवाचं करतायत, मग लाल देऊळ, संपला विषय. ‘देऊळ’ आला ‘देवकुल’वरून, देवाचं घर, आणि ज्यूंच्या प्रार्थनेच्या जागेत मूर्ती तर सोडाच पण देवाचं चित्रसुद्धा चालत नाही, पण नाव ठेवणाऱ्याला त्याचं काय, रिक्षावाल्याला आजही ओहेल डेव्हिड सांगून बघा आणि लाल देऊळ सांगून बघा.

आता मशीद. कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्रायल, हे ससूनांच्या कितीतरी आधीपासून इथले. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे हे वंशज. नवगावला त्यांचं जुनं कबरस्तान आणि स्मारक आहे. गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. हे पण बघा बाहेरच्यांनी ठेवलेलं नाव, लाल देवळासारखंच. स्वतःला ते बेने इस्रायल म्हणत, म्हणजे इस्रायलची लेकरं. आडनावं दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, म्हणजे दिवे, पेण, रोहे ही गावंच.

मी अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग बघायला गेलो होतो, तिथल्या एका वयस्कर बाई मला म्हणाल्या, “मशिदीत जाऊन आलात का?” मला आधी वाटलं दुसऱ्याच जागेबद्दल विचारतायत. मग आत गेल्यावर थोडं डोक्यात शिरलं. मूर्ती नाही. मधोमध कठडा केलेला चौथरा, त्याला तेबा म्हणतात, तिथे उभं राहून वाचन होतं. आणि पश्चिमेच्या भिंतीत कपाट, त्यात तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला. शेजारच्या मुसलमानांची मशीदही पश्चिमेलाच तोंड करून असते, कारण मक्काही तिकडेच. मग कोकणातल्या माणसाला एक देव, मूर्ती नाही, पश्चिमेकडे तोंड, अशा जागेला हाताशी शब्द कुठला होता? मशीदच.

आणि हा एकटा शब्द नाही, इथे खरी गंमत आहे. त्यांचे धार्मिक बाबींत निवाडा देणारे ते ‘काजी’. उपास म्हणजे ‘रोजा’. एलिया हानबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावानं जो दिवस करतात तो ‘उरूस’. त्याच्या नावानं गोड पोहे, खोबरं, फळं मांडून करतात तो ‘मलिदा’, हा शब्दही फारसी. पण सणांची नावं मात्र अस्सल मराठी, आणि बरीचशी स्वयंपाकघरातली! नवीन वर्षाचा तो ‘नव्याचा सण’, एक ‘खिरीचा सण’, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा तो ‘बिरड्याचा सण’ कारण उपास सोडताना वालाचं बिरडं, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दारं लावून घरात बसायचं म्हणून ‘दारफाळणीचा सण’. म्हणजे जागा, पद, उपास यांना मुसलमान शेजाऱ्यांचे शब्द, आणि सणांना आपली कोकणी घरगुती नावं. हिब्रू शब्द वाढले नंतर, एकोणिसाव्या शतकात कोचीनहून ज्यू शिक्षक आले तेव्हापासून. काजी मागे पडला आणि प्रार्थना चालवणारा ‘हजान’ पुढे आला. मशीद मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी टिकली.

मुंबईत तर याच्यावरून एक मोठी गोष्ट सांगतात. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले, सुटून आले आणि 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हरहमीम, दयेचं दार. त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, तिथला रस्ता सॅम्युएल स्ट्रीट, आणि सांगतात की मस्जिद स्टेशनातली मशीद ती हीच. रोज लोकलमधून तिथे उतरणाऱ्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना याचा पत्ता नसतो.

असं एकच शब्द सगळ्यांना लावणं काही नवीन नाही, मल्याळममध्ये ‘पळ्ळी’ म्हणजे चर्चही, मशीदही आणि कोचीनच्या ज्यूंचं सिनेगॉगही.

राहिला ‘बरोबर शब्द’. मराठी बायबलात सिनेगॉगला ‘सभास्थान’ केलंय आणि अर्थानं तो एकदम चोख आहे, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच एकत्र जमणं, आणि हिब्रूत म्हणतात बेत क्नेसेत, जमण्याचं घर (इस्रायलच्या संसदेचं नाव क्नेसेत, तोच शब्द). दहा पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थनेतले काही भाग म्हणताच येत नाहीत, म्हणजे देवाच्या घरापेक्षा माणसं जमणं हेच तिथे मुख्य, आणि 1948 नंतर बहुतेक मंडळी इस्रायलला गेल्यामुळे कोकणातल्या गावांत ते दहा गोळा करणं हीच आता पंचाईत आहे. पण सभास्थान कुणी बोलताना वापरत नाही, उगाच ग्रामपंचायतीचं वाटतं. लिहिताना सरळ सिनेगॉग लिहा, सगळ्यांना कळतं. पुण्यात बोलताना लाल देऊळ. जायचं असेल तर आधी परवानगी काढा, ओळखपत्र न्या, असंच आत सोडत नाहीत.

आणि अलिबागला रस्ता विचारताना मात्र मशीद विचारू नका, भलतीकडे पाठवतील, इस्रायल आळी विचारा.