किंग ३बी, बाख ३६, बाख ४२ आणि कॉन ८८एच: यांपैकी कुठल्या ट्रॉम्बोनची स्लाइड रुंद आहे आणि रुंद स्लाइड घ्यावी का?

स्लाइड म्हणजे ट्रॉम्बोनचा यू-आकाराचा सरकता भाग: आतल्या दोन स्थिर नळ्या आणि त्यांवरून सरकणाऱ्या बाहेरच्या दोन. तुमच्या प्रश्नात दोन रुंदींची सरमिसळ झाली आहे. एक बोअर, म्हणजे आतल्या नळीचा आतला व्यास. दुसरी, दोन समांतर नळ्यांमधलं अंतर. कॅटलॉगात पहिली छापतात, दुसरी सहसा छापतच नाहीत, आणि लोक मात्र दोन्हींवर एकाच दमात भांडतात.

बोअर सांगतो. ३बी ०.५०८ इंच (१२.९० मिमी), बाख ३६ ०.५२५ इंच (१३.३४ मिमी), बाख ४२ आणि कॉन ८८एच दोन्ही ०.५४७ इंच (१३.८९ मिमी). फरक किरकोळ वाटतो, पण हवा जाते ती छेदाच्या क्षेत्रफळातून, म्हणून वर्ग करून बघा. ४२ची नळी ३बीपेक्षा साधारण १६ टक्क्यांनी मोठी पडते आणि ३६पेक्षा साडेआठ टक्क्यांनी. तोंडाला हा फरक पहिल्याच सुरात कळतो.

आता नळ्यांमधलं अंतर. विकत घ्यायचं वाद्य समोर ठेवून स्वतः मोजा, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. व्हर्नियर कॅलिपरने बाहेरच्या दोन नळ्यांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून एका नळीचा बाहेरचा व्यास वजा करायचा, की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. ड्युअल बोअर स्लाइड (दोन नळ्यांचे बोअर वेगवेगळे) असेल तर दोन्ही नळ्यांचे अर्धे-अर्धे व्यास वजा करा.

हे अंतर वाढलं की टोकाचा यू-आकाराचा बाक मोठा होतो. अंतर १० मिमीने जास्त असेल, तर अर्धवर्तुळाच्या हिशेबाने हवेचा मार्ग जवळजवळ १६ मिमीने लांबतो. बी-फ्लॅट टेनरची, म्हणजे नेहमीच्या ट्रॉम्बोनची, एकूण लांबी २.७ मीटरच्या आसपास असते, म्हणजे सूर सुमारे १० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली. बनवणारा हे बाकीच्या नळ्यांत जिरवतो, त्यामुळे पूर्ण वाद्यात ते जाणवत नाही. वाजवणाऱ्याला जाणवतं ते टोकाकडचं थोडं जास्त वजन आणि डाव्या हाताची पकड. एका मॉडेलची स्लाइड दुसऱ्याच्या बेलला (भोंग्याच्या भागाला) लावायला गेलात तर मात्र हाच हिशेब अंगावर येतो: ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायचा छोटा सरकता बाक) ८ मिमी आत ढकलावी लागते, आणि ती आधीच पूर्ण आत असेल तर पुढे वाटच नाही. शिवाय जोडाचा उतार आणि आटे कंपनीगणिक वेगळे. बाखची स्लाइड कॉनच्या बेलला तशीच बसेल असं गृहीत धरू नका.

‘रुंद स्लाइडवर सातवी पोझिशन (स्लाइडच्या सात जागांपैकी सगळ्यात लांबची) जवळ येते’ हे शुद्ध थोतांड आहे. पोझिशनमधलं अंतर वाद्याच्या एकूण लांबीवर ठरतं. पहिली ते दुसरी साधारण ८ सेंटिमीटर, सहावी ते सातवी साडेदहाच्या वर, सगळं मिळून ५६ च्या आसपास. हात आखूड असेल तर एफ-अटॅचमेंट (अंगठ्याच्या झडपेने जोडली जाणारी जादा नळी) घ्या, अरुंद स्लाइड नव्हे.

खरं तर रुंदी किती यापेक्षा ती वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे विचारायला हवं होतं. वापरलेलं वाद्य बघताना लोक बेलवरचे पोचे मोजत बसतात आणि स्लाइडकडे ढुंकून बघत नाहीत. बेलचा पोचा बहुतेक वेळा दिसायलाच वाईट असतो. स्लाइडची एक नळी किंचित वाकली की दुरुस्तीशिवाय वाद्य निकामी. बाहेरच्या स्लाइडचं अंतर ब्रेसजवळ (दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या दांडीजवळ), मधे आणि बाकाजवळ असं तीन ठिकाणी मोजा. मग आतली स्लाइड सपाट जाड काचेवर आडवी ठेवा. एखादं टोक उचललं जात असेल आणि दाबल्यावर डुगडुगत असेल, तर नळ्या एका पातळीत नाहीत.

यानंतर एकेक पाय तपासा. आतली एकच नळी तिच्या जोडीच्या बाहेरच्या नळीत घाला, दुसरी बाहेर मोकळी ठेवा आणि सरकवा. मग दुसऱ्या बाजूने तेच. दोन्ही एकेकट्या सुरळीत धावतात आणि एकत्र घातल्यावर अडतात, तर दोष समांतरपणाचा. एकेकटीही एकाच जागी अडखळते, तर तिथे पोचा आहे. पहिल्या पोझिशनला जड आणि पुढे मोकळी होत असेल, तर बहुधा वरच्या ब्रेसपाशी आतल्या आणि बाहेरच्या स्लाइडची रुंदी जुळत नाही. तिथे दोन ताठ भाग एकमेकांना रेटतात. स्लाइड बाहेर गेली की आतल्या नळ्यांना लवायला वाव मिळतो. हे काम ब्रेसचा डाग (सोल्डर) सोडवून, ताण काढून पुन्हा डाग देणाऱ्या कारागिराचं. हाताने ताणून सरळ करायला गेलात तर कायमची वाट लागेल.

गळती बघायला आतल्या स्लाइडची वरची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी बंद करा, स्लाइड उभी धरा आणि बाहेरची स्लाइड खाली सरकू द्या, खाली मऊ गादी ठेवून. ती हळूहळू उतरली पाहिजे. झपकन पडली तर हवा निसटते आहे.

राहिला माझा जुना वाद. ‘सरळ ४२ घ्या, ३६ म्हणजे धड ना इकडचा ना तिकडचा’ हा सल्ला देणारे बहुतेक जण फक्त ऑर्केस्ट्रात वाजवणारे असतात. मोठा बोअर म्हणजे मोठा आवाज, ही समजूतच चुकीची. तेवढ्याच ध्वनिशक्तीला रुंद नळीत दाब कमी राहतो, त्यामुळे लाटेची पुढची कड उशिरा धारदार होते. मोठ्या बोअरवर म्हणूनच जोरात वाजवूनही सूर गोल राहतो, आणि लहान बोअर लवकर चमकतो. जॅझ सेक्शनमध्ये ती चमकच हवी असते, म्हणून तिथे ३बी. सिंफनीतल्या कोरालला (संथ, भारदस्त एकत्र सुरावटीला) ४२ किंवा ८८एच. आणि दोन्हीकडे, शिवाय चेंबर संगीतात वाजवायचं असेल तर ०.५२५ हाच शहाणा बोअर. ४२ला भरायला लागणारा श्वास अजून तयार नसलेल्यांनी तर डोळे झाकून ३६ घ्यावा.

हे सगळं बोलताना माउथपीस राहिलाच. शँक म्हणजे माउथपीसचं वाद्यात बसणारं टोक. ३बी आणि ३६ला स्मॉल शँक लागतो, ४२ला लार्ज. एल्कहार्टच्या (कॉनच्या जुन्या कारखान्यातल्या) जुन्या ८८एचमध्ये रेमिंग्टन टेपर, म्हणजे शँक बसायच्या जागेचा वेगळा उतार, असतो. त्यात आजचा लार्ज शँक वरवर बसल्यासारखा वाटतो, पण उतार जुळत नाही. वाद्य बघायला जाताना दोन्ही शँक सोबत न्या, बसवल्यावर डुलतो का ते बघा. आणि एफ-अटॅचमेंटवाला घेतलात तरी खालचा बी-नॅचरल तसा मिळत नाही. त्यासाठी एफची ट्यूनिंग स्लाइड ‘ई’ सुरापर्यंत ओढावी लागते; तेवढी ती बाहेर येते का, तेही जागेवरच तपासा.