सर्वांची तालीम: वाचकांचे प्रश्न

वेगवेगळ्या भाषांचे, रंगांचे आणि क्षमतांचे कलाकार एकत्र घेऊन काम करणाऱ्या नाट्यसंस्थांबद्दल बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: वातावरण छान आहे, पण प्रत्यक्ष काम कसं बसवायचं? म्हणून या वेळी फक्त कामाच्याच गोष्टी.

मला एका कानानं जवळजवळ ऐकू येत नाही, दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र आहे. सगळ्यांना सांभाळून घेणारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका संस्थेनं मला नव्या नाटकात घेतलं आहे. माझ्या गरजा आधीच सांगू, की तालमी सुरू झाल्यावर? आधी सांगितलं तर कटकटीची ठरेन, अशी भीती वाटते.

आधीच सांगा आणि लेखी सांगा. एक पान पुरे. परदेशी रंगभूमीवर याला 'ॲक्सेस रायडर' म्हणतात आणि तो कराराला जोडला जातो. त्यात निदान लिहू नका, कृती लिहा. 'मला अमुक टक्के बहिरेपण आहे' या वाक्यावरून रंगमंच व्यवस्थापकाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'सूचना देणाऱ्यानं माझ्या उजव्या बाजूला, तोंड दिसेल असं उभं राहावं; वेळापत्रकातला बदल फोनवर न सांगता लिहून पाठवावा; विंगेत माझ्या एण्ट्रीसाठी क्यू-लाइट (वेळ झाली की इशारा देणारा छोटा दिवा) हवा.' यातली प्रत्येक गोष्ट तो लगेच करू शकतो. हे पान कोणी वाचायचं, तेही शेवटी लिहा. दिग्दर्शकानं वाचलेलं सगळ्या नटसंचाला कळलंच पाहिजे असं नाही.

करारावर सही होण्याआधीच सांगायचं, कारण दुभाषी, क्यू-लाइट, जास्तीचा ब्रेक यांना पैसे लागतात. ते अंदाजपत्रकात असतील तर मिळतात. नंतर मागितलं की ते कुणाच्या तरी चांगुलपणावर अवलंबून राहतं, आणि प्रयोग आठवड्यावर आला की चांगुलपणाला वेळ उरत नाही. यात तुमची कटकट कुठेच नाही. उलट ऐनवेळी धावपळ होत नाही, म्हणून व्यवस्थापक तुमचे आभार मानेल.

श्रवणयंत्राबद्दल दोन गोष्टी. विग किंवा टोप यंत्रावर दाबला गेला की शिट्टी वाजते, म्हणून विग रंगीत तालमीच्या आठवडाभर आधीच घालून बघा. यंत्र टेलिकॉइलवर, म्हणजे चुंबकीय लहरींतून आवाज पकडणाऱ्या सेटिंगवर असेल, तर डिमरजवळ (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राजवळ) गुणगुण ऐकू येते. तुमची विंग डिमरच्या बाजूला असेल तर पहिल्या तांत्रिक तालमीलाच ती बदलून घ्या. जादा बॅटऱ्या रंगमंच व्यवस्थापकाच्या पेटीत ठेवा, मेकअप रूममध्ये नको.

माझ्या नाटकात दोन कर्णबधिर आणि सहा ऐकणारे नट आहेत. आम्ही नेहमी सहा आठवड्यांत नाटक उभं करतो. तेवढ्यात होईल का?

संहितेचं सांकेतिक भाषेतलं रूप तयार असेल तर होईल. ते काम याच सहा आठवड्यांत धरलं असेल तर होणार नाही. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. शब्दांचा क्रम बदलतो, त्यामुळे ज्या शब्दावर समोरचा नट वळायचा तो शब्द वाक्याच्या दुसऱ्याच टोकाला जातो. हे रूपांतर कर्णबधिर कलाकारांनी आणि भाषा जाणणाऱ्या सल्लागारानं ब्लॉकिंगच्या, म्हणजे कोण कधी कुठे उभं राहील आणि हलेल ते बसवण्याच्या, आधी करायचं असतं, कारण ब्लॉकिंग त्यावरच बसतं. आमच्या मते संवादप्रधान प्रवेशांना नेहमीच्या दीडपट वेळ धरावा.

दुभाषी दोन हवेत. साधारण २० ते ३० मिनिटांनी ते आळीपाळीनं बदलतात, कारण त्यानंतर थकव्यानं चुका वाढतात. एकच दुभाषी ठेवला तर त्यालाही चहाची सुट्टी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही, नेपथ्यकार आणि चार नट कोपऱ्यात उभं राहून निम्मे निर्णय घेऊन टाकता. कर्णबधिर नटांना ते दुसऱ्या दिवशी कळतात. मिश्र संचात मनं दुखावण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे आणि ते दुसऱ्या दुभाष्यानं टळतं.

प्रवेश चालू असताना बोलत राहायची दिग्दर्शकांची सवय मोडावी लागते. थांबवा, नजर मिळवा, मग बोला. बसायला अर्धवर्तुळ, बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, एका वेळी एकच आवाज.

ब्लॉकिंगमध्ये हाताकडे लक्ष ठेवा. नटाच्या हातात ट्रे दिलात की त्या पात्राचं तोंड बांधलंत. टेबलामागे बसवलंत तर कमरेजवळचे संकेत गेले. दोघं एकमेकांसमोर अगदी आडवे उभे राहिले तर प्रेक्षकाला एकच हात दिसतो, म्हणून दोघांनाही प्रेक्षकांकडे थोडं तिरकं वळवा. ब्लॅकआउट झाला की संवाद संपलाच. आवाजावर येणाऱ्या एण्ट्रीसाठी क्यू-लाइट, सहनटाचा स्पर्श किंवा जमिनीवरची थाप वापरता येते. थाप मात्र पोकळ लाकडी तक्तपोशीवरच पोचते, काँक्रीटवर नाही. ज्या रंगमंचावर प्रयोग आहे तिथेच तपासा.

एका पात्रासाठी कर्णबधिर नट आणि त्याला आवाज देणारा ऐकणारा नट, अशी जोडी करता येते. लॉस एंजेलिसमधली १९९१ साली सुरू झालेली डेफ वेस्ट थिएटर ही संस्था या पद्धतीसाठी ओळखली जाते. जोडी केलीत तर पहिल्याच दिवशी ठरवा की लय कोणाची. ती हातांची असू दे. आवाजाला हातामागे जाता येतं. हात आवाजामागे धावले की संकेत अर्धवट तुटतात.

मी प्रकाशयोजना करतो. संचात अगदी गोऱ्यापासून अगदी गडद वर्णापर्यंतचे नट आहेत. दोघं एकत्र उभे राहिले की एकाचा चेहरा भाजतो, दुसऱ्याचा दिसतच नाही. लाइट वाढवला तरी उपयोग होत नाही.

होणारही नाही, कारण अडचण तीव्रतेची नसून कोनाची आणि रंगाची आहे. गडद त्वचा पसरट उजेड कमी परत फेकते, पण चकाकी छान पकडते. गालाचं हाड, कपाळ, जबड्याची कडा यांवरच्या चकाकीतून चेहरा घडतो. त्यासाठी साइड लाइट डोक्याच्या उंचीवर आणा आणि फ्रंट कमी करा. फ्रंटमधून सपाट पांढरा ओतला की गोरा चेहरा धुऊन निघतो आणि गडद चेहरा राखट होतो.

जेल, म्हणजे दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद, निवडताना हिरवट झाक असलेले रंग टाळा. फिकट लॅव्हेंडर, गुलाबी, उबदार अंबर हे सगळ्या वर्णांना चालतात. एलईडी दिवे असतील तर दिव्याच्या माहितीपत्रकात आर-९ हा आकडा बघा. गडद लाल रंग किती खरा दिसेल ते त्यावरून कळतं, आणि त्वचेचा जिवंतपणा त्या लालात असतो. फक्त लाल-हिरवा-निळा मिसळून केलेला पांढरा त्वचेला मारतो. या तिघांबरोबर अंबर एलईडीही असलेला दिवा बरा.

मागचा पडदा काळा असेल तर गडद केस आणि गडद त्वचेची कडा त्यात विरघळते. बॅकलाइट द्या किंवा नेपथ्यकाराशी बोलून मागचा रंग मध्यम करा. पांढरा शर्ट हाही शत्रूच आहे. डोळा शर्टाशी जुळवून घेतो आणि वरचा चेहरा काळोखात जातो. वेशभूषाकाराला शर्टाचा पांढरेपणा थोडा कमी करायला सांगा. कोऱ्या चहात बुडवलेला शर्ट रंगमंचावर पांढराच दिसतो, आणि चेहरा वर येतो.

आणि फोकसिंगला, म्हणजे दिव्यांचे कोन पक्के करताना, एकच तंत्रज्ञ उभा करू नका. सगळा आराखडा त्याच्या त्वचेवर बसतो आणि प्रयोगाला बिघडतो. सगळ्यात गडद आणि सगळ्यात गोऱ्या नटाला वेशभूषेसह दहा मिनिटं उभं करा. ही दहा मिनिटं वेळापत्रकात लिहून मागा.

माइकची टेप, पायमोजे, नृत्याचे बूट यांच्या ऑर्डरवर 'स्किन कलर' असं लिहिलेलं असतं. कोणाच्या स्किनचा, ते नावासमोर लिहिलं की प्रश्न मिटतो.

व्हीलचेअर वापरणारी अभिनेत्री संचात आहे. नेपथ्यात काय मोजायचं?

उतार १:१२. म्हणजे ३० सेंटिमीटर उंच प्लॅटफॉर्मला ३.६ मीटर लांब रॅम्प. हा आकडा ऐकून नेपथ्यकार दचकतात, म्हणून तो पहिल्या रेखाटनाआधीच सांगा. जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ. दारं आणि मागच्या पडद्यामागून पलीकडच्या विंगेत जायची वाट ९० सेंटिमीटर मोकळी. ही वाट नेहमी ट्रंकांनी भरलेली असते. विजेवरची खुर्ची माणसासह २०० किलोच्या वर जाऊ शकते आणि ते वजन चार चाकांच्या बिंदूंवर येतं, तेव्हा तक्तपोशीच्या सुताराला खरं वजन सांगा.

रंगमंचाबरोबर मेकअप रूम, स्वच्छतागृह आणि शेवटच्या नमस्काराची जागाही मोजा. २०१९ मध्ये अली स्ट्रोकर या अमेरिकन रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या अभिनेत्री ठरल्या. प्रेक्षागृहातून मंचावर जायला रॅम्प नव्हता, म्हणून नाव पुकारलं जाण्याआधीच त्यांना मंचामागे थांबावं लागलं होतं.

आमच्या संस्थेत तालमीतूनच नाटक घडवतात. मी इम्प्रोव्हायझेशनमध्ये (आयत्या वेळी सुचेल तसा प्रसंग करताना) माझ्या आयुष्यातला एक प्रसंग केला, तो संहितेत आला. आता दौऱ्यावर माझ्या जागी दुसरी नटी तो करणार आहे. मला हे खटकतंय, पण सगळे इतके प्रेमानं वागतात की बोलायचं कसं?

खटकणं रास्त आहे. प्रेमानं वागणाऱ्या संस्थेतच हा प्रश्न जास्त येतो, कारण विश्वास असतो म्हणून माणूस मोकळा होतो आणि त्याच विश्वासापोटी कोणी कागद करत नाही.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. पहिली, श्रेय: कार्यक्रमपत्रिकेत 'लेखन: अमुक, नटसंचासह' असं लिहिलंय का? दुसरी, पैसा: मानधन अभिनयाचं मिळालं, पण मजकुरातला वाटा? नाटक दुसऱ्यांनी केलं किंवा छापलं तर येणाऱ्या रकमेचा किती हिस्सा नटसंचाचा? तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक: तो प्रसंग कोणी करावा, आणि करावा की नाही. श्रेय आणि पैसे दिले म्हणून तिसरीची परवानगी मिळाली असं होत नाही.

आत्ता करण्यासारखं: निर्मात्याला आणि दिग्दर्शकाला एकत्र बसवा, तालीम संपल्यावर उभ्याउभ्या नको. पर्याय हातात घेऊन जा. प्रसंग तसाच, पण नाव, गाव, नातं बदलून. किंवा गाभा ठेवून दुसऱ्या नटीनं स्वतःच्या इम्प्रोव्हायझेशनमधून नवा प्रसंग करून. किंवा प्रसंग काढून. 'मला बरं वाटत नाही' एवढंच सांगितलंत तर समोरचे समजूत घालतील. पर्याय दिलेत तर निर्णय घ्यावा लागेल. ठरलेलं त्याच दिवशी ईमेलनं लिहून पाठवा.

पुढच्या वेळी पहिल्या तालमीआधी दोन ओळी मागा. एक, तालमीत सांगितलेली खाजगी गोष्ट सांगणाऱ्याच्या लेखी होकाराशिवाय संहितेत जाणार नाही. दोन, हा होकार मागे घेण्याची शेवटची तारीख. ती साधारण रंगीत तालमीच्या दोन आठवडे आधीची ठेवावी, म्हणजे भोक बुजवायला वेळ राहतो. तारीख नसेल तर कलाकार शेवटच्या क्षणापर्यंत मनात घोळवत राहतो आणि मग प्रयोगाच्या भीतीनं गप्प बसतो.

नाटक तीन भाषांत आहे. पडद्यावरची भाषांतरं कधी नटाच्या पुढे पळतात, कधी मागे पडतात.

एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५ ते ४० अक्षरं. सगळं भाषांतर दाखवायचा हट्ट सोडा, कारण प्रेक्षक वाचत बसला की नट बघायचा राहतो. हशा येणारी ओळ तिच्या आधीच्या ओळीबरोबर कधीही दाखवू नका. प्रेक्षक वाचून आधी हसतो आणि नटाचं वाक्य पडतं. स्लाइड चालवणाऱ्याला शेवटच्या आठवड्यातली प्रत्येक सलग तालीम द्या आणि हाताशी एक कोरी स्लाइड ठेवा. नट गडबडला की कोरं दाखवायचं, चुकीचं नाही. संवाद गोठवायची तारीख ठरवा. परक्या भाषेत पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी बदललं तर नट जुनंच बोलतो आणि पडद्यावर नवं दिसतं.

'आपण एक कुटुंब आहोत' असं आमचे संस्थापक नेहमी म्हणतात. एका ज्येष्ठ नटाच्या वागण्याची तक्रार करायची आहे, पण तो संस्थापकांचा जुना मित्र. कोणाकडे जाऊ?

तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, हे आजच लिहून ठेवा. मत नको, घडलं ते लिहा. संस्थेचे लेखी नियम असतील तर ते मागून घ्या. नियमानुसारची पहिली व्यक्ती तुमच्या बाबतीत योग्य नसेल तर थेट दुसरीकडे जा. त्यात काही गैर नाही. धोका वाटत असेल तर संस्थेच्या उत्तराची वाट बघू नका. कलाकारांची संघटना किंवा कायद्याचा मार्ग पहिल्या दिवसापासून मोकळा आहे.

नियम नसतील तर नटसंचानं आपल्यातून एक प्रतिनिधी निवडून ते करून घ्यावेत. शिकागोतल्या नाट्यकर्मींनी २०१७ साली असे नियम तयार केले आणि कोणत्याही संस्थेला वापरायला खुले ठेवले. तक्रार आधी कोणाकडे, तिथे सुटली नाही तर पुढे कोणाकडे, ही वाट त्यात आखलेली आहे. तुमच्या नियमांत तक्रार ऐकणाऱ्यांची किमान दोन नावं हवीत, त्यातलं एक या निर्मितीत नसलेल्या माणसाचं, आणि उत्तर किती दिवसांत मिळेल तो आकडा. हे पहिल्या वाचनाच्या दिवशी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. संस्थापकांनी स्वतः वाचलं तर फारच उत्तम.

आमच्या संस्थेनं स्वमग्न मुलांसाठी 'रिलॅक्स्ड' प्रयोग ठरवला आहे. नट घाबरले आहेत: गोंधळात बोलायचं कसं?

अभिनय बदलायचा नाही, परिस्थिती बदलायची. प्रेक्षागृहातले दिवे साधारण पाव ठेवा, दचकवणारे आवाज उतरवा, स्ट्रोब (झपझप लुकलुकणारे दिवे) काढून टाका, दारं उघडी, बाहेर एक शांत खोली. नटांना आदल्या दिवशी सांगा की कोणी उठेल, ओरडेल, मंचाजवळ येईल, आणि मंचाजवळ आलेल्या मुलाला परत नेणारा माणूस ठरलेला आहे. हे काम नटाचं नाही, एवढं कळलं की निम्मी भीती जाते. पडदा उघडण्याआधी सगळे नट वेशभूषेत येऊन आपलं खरं नाव आणि पात्राचं नाव सांगू देत. राक्षस झालेल्यानं मुखवटा हातात घेऊन यावं आणि मुलांच्या समोरच चढवावा.