मेंदूचा कॅन्सर आणि सीबीडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : वडिलांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर आहे. गांजातल्या सीबीडीने गाठ विरघळते, असा व्हिडिओ नातेवाइकांनी पाठवला. खरं आहे का?

उत्तर : प्रयोगशाळेत वाढवलेल्या गाठीच्या पेशी सीबीडीने मरतात आणि उंदरांमध्ये गाठीची वाढ मंदावते, एवढं खरं आहे. पण त्या पेशींना औषध थेट मिळतं. माणसाने तोंडाने घेतलेलं सीबीडी बरंचसं यकृतातच मोडून जातं. माणसाच्या मेंदूतली गाठ त्याने विरघळते, हे कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

प्रश्न : मग माणसांवर चाचण्या झाल्याच नाहीत का?

उत्तर : झाल्या आहेत, आणि मला त्या महत्त्वाच्या वाटतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आजार उलटलेले २१ रुग्ण होते. सगळ्यांना टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध दिलं. १२ जणांना त्यासोबत गांजातल्या घटकांचा तोंडात मारायचा स्प्रे मिळाला, ९ जणांना तसाच दिसणारा, औषध नसलेला. वर्षभरानंतर पहिल्या गटातले १० जण हयात होते, दुसऱ्यातले ४. वाचून कुणाचीही आशा पालवेल. पण ही चाचणी मुख्यतः औषध सुरक्षित आहे का, हे पाहण्यासाठी होती. इतक्या लहान गटात दोघातिघांच्या नशिबानेही चित्र पालटतं. शिवाय स्प्रेमध्ये सीबीडीइतकंच टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक होता, त्यामुळे श्रेय एकट्या सीबीडीला देता येत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये याच स्प्रेची ‘अरिस्टोक्रॅट’ ही २०० हून अधिक रुग्णांसाठी आखलेली चाचणी सुरू झाली. असा मार्ग तुमच्या रुग्णासाठी खुला आहे का, हे ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : रेडिएशनचा त्रास फार होतो. ते थांबवून फक्त सीबीडीचं तेल दिलं तर?

उत्तर : कृपया असं करू नका. रेडिएशनला टेमोझोलोमाइडची जोड दिल्यावर दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं, हे २००५ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. तेलाच्या बाजूने असा पुरावा नाही. त्रासावर उपाय असतात, तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

प्रश्न : आईला फिट्सच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर रागावतील म्हणून तेलाचं सांगितलं नाही. चालेल ना?

उत्तर : तुमची भीती समजते, पण आजच सांगा. क्लोबाझाम या फिट्सच्या औषधासोबत सीबीडी घेतलं की गुंगी खूप वाढू शकते. व्हॅल्प्रोएट या फिट्सच्याच औषधासोबत रक्तातली यकृताची एन्झाइम्स चढू शकतात, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही वाढतो. बाटलीही सोबत न्या. २०१७ च्या एका अमेरिकी पाहणीत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांपैकी फक्त २६ मध्ये लेबलाइतकं सीबीडी होतं, तर १८ मध्ये टीएचसीही सापडलं. आई किती थेंब, कधीपासून घेते ते लिहून ठेवा. त्यावरून डॉक्टर यकृताच्या तपासण्या सांगतील आणि गोळ्यांचा डोस ठरवतील. फिट्सच्या गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका.