शाहनाम्याच्या चित्रांत ड्रॅगन मारणारा वीर नेहमी रुस्तमच असतो का?

नाही. शाहनामा म्हणजे फिर्दौसी या कवीचं फारसी महाकाव्य आणि रुस्तम त्यातला सर्वांत गाजलेला वीर. पण त्यात राक्षस आणि ड्रॅगन मारणारे वीर बरेच आहेत आणि नुसत्या ड्रॅगनवरून वीर कळत नाही. आधी घोडा बघा, मग हत्यार, मग जागा.

रुस्तमच्या अंगात वाघाच्या कातड्याचा अंगरखा असतो. पुढच्या काळातल्या चित्रांत डोक्यावर बहुधा बिबट्याच्या मुंडक्याचं शिरस्त्राणही दिसतं. त्याचा घोडा रख्श केशरी, अंगभर ठिपक्यांचा. घोडा दातांनी ड्रॅगनचं कातडं फाडतोय आणि वीर तलवार चालवतोय, तर ते रुस्तमच्या सात संकटांपैकी तिसरं. वीर गाढ झोपलाय आणि घोडाच सिंहाशी झुंजतोय, ते पहिलं.

सातवं ओळखायला सर्वांत सोपं. काळीकुट्ट गुहा, आत पांढरा दीव (राक्षस), त्याचा एक पाय तुटलेला, रुस्तमचा खंजीर त्याच्या अंगात, आणि बाहेर झाडाला बांधलेला वाटाड्या औलाद. रुस्तमला या दीवाचं काळीज हवं असतं, कारण त्याच्या रक्ताने आंधळ्या झालेल्या कैकाऊस राजाला पुन्हा दिसू लागणार असतं. फिर्दौसी या दीवाचं तोंड काळं आणि केस दुधासारखे सांगतो, चित्रकार मात्र सबंध देहच पांढरा रंगवतात. ('दीव' आणि आपला 'देव' मुळात एकच शब्द, इराणात त्याचा अर्थ उलटा झाला.)

पेटी बसवलेली गाडी आणि तिला चहूकडून पाती लावलेली दिसली, की तो राजपुत्र इस्फंदियार. ड्रॅगन गाडी गिळायला जातो, पाती घशात रुततात आणि तो हतबल झाला की इस्फंदियार पेटीतून बाहेर येऊन त्याच्या डोक्यात तलवार घालतो. धनुष्य घेतलेला मुकुटधारी राजा असेल तर बहुधा बहराम गूर. जवळ रानगाढव आणि गुहाही असेल, तर चित्र शाहनाम्याचं नसून कवी निजामीच्या 'हफ्त पैकर' या काव्याचं असण्याचा संभव जास्त.

ड्रॅगनच्या रूपावरून काळाचा अंदाज येतो. मंगोल येण्याआधीचा ड्रॅगन वेटोळ्यांच्या सापासारखा. त्यांच्या राजवटीत चिनी वळणाचा ड्रॅगन आला: पाय, नख्या, अंगातून निघणाऱ्या ज्वाळा. चीनमध्ये शुभ मानलेला हा प्राणी इराणी चित्रकारांनी मारायच्या राक्षसाला दिला, हे मला फार विलक्षण वाटतं.

रंगांवर मात्र फार विसंबू नका. पाणी आणि चिलखत चांदीने रंगवत, आणि चांदी काळवंडते. त्यामुळे चित्रातला काळा ओढा मुळात चकाकता असू शकतो. ताम्रजन्य हिरवा रंग तर कागदच खातो, म्हणून हिरवळीच्या जागी तडे किंवा भोकं दिसतात.

खात्री करायची तर चित्राला लागून असलेली द्विपदी वाचा. मजकूर बहुधा चार किंवा सहा स्तंभांत असतो, उजवीकडून डावीकडे. पण १३३०च्या दशकातल्या 'महान मंगोल शाहनाम्या'ची पानं असतील तर जपून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसचा व्यापारी देमोत याने ती प्रत सुटी केली, काही पानांच्या दोन बाजू सोलून वेगळ्या काढल्या आणि चित्रं भलत्याच मजकुराला जोडली. तिथे शेजारची द्विपदी तुम्हाला दुसऱ्याच कथेत नेऊ शकते.