खोकडाची हद्द किती?

प्रश्न : जवळच्या माळावर खोकडाची बिळं आहेत. जोडी एकच दिसते, पण कधी बिळांपाशी, तर कधी पार शेतांपलीकडे. त्यांची हद्द ठरलेली असते का? आणि माळ उजाड म्हणून तिथे झाडं लावायचं चाललंय. खोकडांना आडोसा होईल ना?

उत्तर : हद्द असते. एका खोकडाचा, म्हणजे आपल्याकडच्या इंडियन फॉक्सचा, वावर साधारण दोन-तीन चौरस किलोमीटरचा असतो आणि जोडीतली दोघं बहुतेक तोच मुलूख वापरतात. हे कळतं रेडिओ कॉलरमुळे, म्हणजे खोकडाच्या गळ्यात अडकवलेल्या, सतत रेडिओ इशारा पाठवणाऱ्या पट्ट्यामुळे. रात्री अँटेना फिरवत उभं राहायचं, टिकटिक ठळक येते ती दिशा होकायंत्रावर घ्यायची, मग दुसऱ्या जागी पळायचं. दोन रेषा छेदतात तिथे खोकड. असे ठिपके साठले की त्यांच्याभोवती रेघ ओढायची, झाली हद्द!

मला स्वतःला त्या रेघेपेक्षा आतले ठिपके जास्त बोलके वाटतात. बिळांजवळ आणि आखूड गवतात त्यांची दाटी असते, काही पट्टे अगदी कोरे. तिथून खोकड नुसतं जातं. सोलापूरजवळच्या नान्नजला अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या वन्यजीव संशोधकांनी खोकडांना कॉलर लावले, तेव्हाही त्यांची पसंती शेतांपेक्षा गवताळ माळालाच दिसली. कारण साधं आहे. वाळवी, भुंगेरे, उंदीर, सरडे हे त्याचं खाणं मोकळ्यावर सापडतं, आणि जेमतेम दोन-तीन किलोच्या जनावराला धोका लांबून दिसावा लागतो, पळायला बीळ जवळ लागतं. म्हणून एकाच हद्दीत अनेक बिळं, एकेका बिळाला अनेक तोंडं. उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातला स्विफ्ट फॉक्स वजनाने एवढाच, पण त्याचा वावर याच्या कैकपट. बीळ मात्र तो वर्षभर वापरतो, कारण मागे कायोटी, म्हणजे लांडग्याचा तिकडचा छोटा भाऊबंद, असतो.

तुम्हाला कॉलरची गरज नाही. पायवाटेच्या कडेचे उंच दगड, गवताचे झुबके बघत चला. दगडाच्या अगदी माथ्यावर बोटभर विष्ठा, त्यात भुंगेऱ्यांच्या पंखांच्या चकचकीत टरफलांचे तुकडे आणि मोसम असेल तर बोराची आठळी दिसली, तर ती बहुधा खोकडाची. ती मुद्दाम उंचावर ठेवलेली असते, शेजारच्या खोकडांना वास यावा म्हणून.

आता झाडं. कृपा करून लावू नका. आडोसा होईल तो खोकडावर टपलेल्यांना. 'उजाड' म्हणता तेच त्यांचं घर आहे, आणि रोपांसाठी खणलेले खड्डे बिळांवरही येऊ शकतात, हे वेगळंच. झाडांइतकाच त्रास मोकाट कुत्र्यांचा. कुत्रं आसपास असलं की खोकड समोरचं खाणंही टाळतं; नकाशावर हद्द तेवढीच राहते, वापरायला कमी उरते. शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा जीवघेणा आजार खोकडांनाही होतो. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात. तेवढे महिने तरी कुत्री बांधून माळावर जा, आणि बिळाच्या तोंडाशी फोटोसाठी बसू नका.